आरटीएल-एसडीआर डोंगलवर शॉर्टवेव्ह कसं ऐकावं

रेडिओ सिलोन लावताना काटा केसभर सरकवावा लागे, आणि शेजारच्या खुणेवर काय चाललंय याचा पत्ता नसे. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ; आरटीएल-एसडीआर डोंगल हा त्यासाठी यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर. एसडीआर प्रोग्रॅममध्ये एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पडद्यावर दिसतो. ३१ मीटरचा अख्खा बँड, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, त्यात सहज मावतो. खाली सरकत जाणाऱ्या चित्रात, म्हणजे ‘वॉटरफॉल’वर, प्रत्येक स्टेशन उभ्या उजळ रेघेसारखं दिसतं. रेघेवर क्लिक केलं की आवाज येतो.

डोंगल निवडताना काळजी घ्या. टीव्हीसाठीचे स्वस्त डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाहीत, म्हणजे शॉर्टवेव्हचा बहुतेक भाग त्यांना ऐकूच येत नाही. आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही ३ डोंगल ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ने, म्हणजे ट्यूनर टाळून सिग्नल थेट मोजून, खाली उतरतो. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. व्ही ४ मध्ये यासाठी वेगळी सोय आहे आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

विंडोजवर आधी झॅडिग हा ड्रायव्हर बदलणारा प्रोग्रॅम चालवा. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लिस्ट ऑल डिव्हायसेस’वर खूण करा, यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस ०’ निवडा, विनयूएसबी ठेवा आणि ड्रायव्हर बदला. इथे घाई नको. त्याच यादीत तुमचा माउस आणि कीबोर्डही असतात. चुकून त्यांचा ड्रायव्हर बदलला तर ते बंद पडतील.

मग एसडीआर++ हा एसडीआर प्रोग्रॅम उघडा. सोर्स आरटीएल-एसडीआर, सॅम्पल रेट २.४ मेगाहर्ट्झ, डायरेक्ट सॅम्पलिंग ‘क्यू-ब्रँच’ ठेवा आणि प्ले दाबा. पहिली चाचणी जवळच्या मीडियम वेव्ह स्टेशनवर घ्या. पुण्यात आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ आहे. एएम मोड, बँडविड्थ ८ ते १० किलोहर्ट्झ. ते स्वच्छ ऐकू आलं तर ड्रायव्हर आणि सेटिंग बरोबर आहेत. त्यानंतर १०००० किलोहर्ट्झवर जा. चीनच्या शान्शी प्रांतातलं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन तिथे दर सेकंदाला टिक देतं. त्याची रेघ १०००० वर नेमकी बसली, की तुमच्या डोंगलचं मोजमाप खरं आहे.

डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये गेनचा (सिग्नल वाढवण्याचा) स्लायडर हलवून काही होत नाही, कारण ट्यूनर मार्गातून बाजूला काढलेला असतो. म्हणून जवळचं ताकदवान मीडियम वेव्ह स्टेशन सगळ्या पट्ट्यावर पसरायला लागलं तर सेटिंगशी झटू नका. अँटेनाची तार आखूड करा किंवा मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर लावा.

आणखी एक फसगत इथेच होते. डोंगलचं सिग्नल मोजण्याचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झपाशी पट्टा आरशासारखा दुमडतो. १५१५० किलोहर्ट्झवरचं स्टेशन १३६५० वरही दिसतं. दोन्ही जागी प्रसारणाचे बँड आहेत, म्हणून संशयही येत नाही. स्टेशनची नोंद करण्यापूर्वी २८८०० मधून तुमचा आकडा वजा करा आणि त्या जागीही ऐका. संध्याकाळनंतर ४९, ४१ आणि ३१ मीटर भरतात; दिवसा २५ आणि १९ मीटर बघा.

आता खरी मेहनत. प्रोग्रॅम कितीही चांगला असो, घरातला विद्युत गोंगाट वर असेल तर दूरचं स्टेशन त्याखाली गाडलं जातं. वॉटरफॉलवर सारख्या अंतराने उभे पट्टे दिसले तर ते बहुधा एखाद्या चार्जरचे किंवा एलईडी दिव्याचे असतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत पडद्याकडे बघा. माझ्या घरात सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला जिन्यातला एक दिवा. तो बदलला आणि ४१ मीटरवर त्याच रात्री नवी स्टेशनं उगवली. जुना बॅटरीवरचा शॉर्टवेव्ह रेडिओ जवळ असेल तर टाकू नका. तो हातात घेऊन खोल्यांतून फिरलात की गोंगाट कुठून येतोय ते लगेच कळतं.

अँटेनासाठी खिडकीबाहेर दहा मीटर तार पुरते. तार आणि डोंगल यांच्या मध्ये ९:१ चा ट्रान्सफॉर्मर असला तर फरक जाणवतो. डोंगल थेट लॅपटॉपला न लावता फेराइट (गोंगाट अडवणारा मणी) असलेल्या एक्स्टेन्शन केबलने जोडा. वळवाचे ढग दिसले की तार डोंगलपासून काढून खिडकीबाहेर सोडून द्या. ही सवय अंगवळणी पडलीच पाहिजे.

एएम जमलं की साइडबँडकडे, म्हणजे सिग्नलची वरची (अप्पर) किंवा खालची (लोअर) एकच बाजू पाठवण्याच्या पद्धतीकडे, वळा. हौशी रेडिओवाले ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये लोअर साइडबँडवर बोलतात. मला त्याहून आवडतं ते ६६७६ किलोहर्ट्झ. अप्पर साइडबँड लावा. मुंबईचं व्होल्मेट तिथे विमानांसाठी विमानतळांचं हवामान वाचतं, दर तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपल्या वेळेत साडेपाच तासांचं अंतर असलं तरी मिनिटं बदलत नाहीत, कारण अर्ध्या तासाने तोच क्रम पुन्हा येतो.

आवाज दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा तर व्हीबी-केबल (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारी आभासी केबल) टाका आणि एसडीआर++ चा आउटपुट तिच्यात सोडा. ७०७४ किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँड, सोबत डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्रॅम: एफटी८ या हौशी रेडिओच्या डिजिटल पद्धतीचे संदेश कॉलसाइनसह (पाठवणाऱ्याच्या ओळख-संकेतासह) उमटू लागतील. संदेश १५ सेकंदांच्या खिडक्यांत येतात, म्हणून संगणकाचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर हवं. एकही ओळ आली नाही तर आधी घड्याळच तपासा.

शेवटी रेकॉर्डिंग. बेसबँड रेकॉर्ड केला तर पूर्ण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा साठतो. १६ बिटमध्ये तासाला सुमारे ३५ जीबी जागा जाते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटंच घ्या. सकाळी फाइल सोर्स म्हणून उघडा आणि कालच्या रात्रीत सावकाश काटा फिरवा; जे स्टेशन ऐकायचं राहून गेलं होतं, तेही तिथे असेल.