प्रॉक्सीमागचा माणूस ओळखताना या चुका टाळा

वरुडकडं आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की व्यापारी बागा पाहत फिरू लागतात. आमच्या गावच्या बागायतदारांची एक साधी वेबसाइट मी सांभाळतो. झाडं किती, फळ कसं, ओलीत कशाचं, एवढंच तिच्यावर असतं. गेल्या हंगामात एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणीला मिळणारा क्रमांक) ढिगानं विनंत्या येताना दिसल्या. बॉट, म्हणजे आपोआप विनंत्या पाठवणारा प्रोग्राम, समजून मी तो पत्ता बंद केला. सांजेपर्यंत फोनवर फोन. "भाऊ, साइट उघडूनच नाही राहिली!"

पत्ता म्हणजे माणूस असं मी धरलं होतं, आणि हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. आयपीव्ही४ या जुन्या पत्तेपद्धतीत पत्ते आहेतच सुमारे ४२९ कोटी. म्हणून मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात. कंपनीच्या आतल्या अशा वाटपासाठी १००.६४.०.० पासूनचा गट २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. गावातले वीस फोन आणि दूरच्या शहरातला अनोळखी माणूस तुमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच दिसू शकतात. पत्त्यावरून गाव शोधायला जाऊ नका, वरुडचा माणूस नागपूरचा किंवा मुंबईचा दिसतो.

साइटपुढं सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) लावलं असेल तर तेही प्रॉक्सीच, म्हणजे पाहुणा आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ. सर्व्हरला फक्त जोडणी करणारा दिसतो, त्यामुळं लॉगभर सीडीएनचेच पत्ते. मूळ पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत, पत्त्यांच्या यादीत येतो. इथं अनेकजण यादीतला पहिला पत्ता उचलतात आणि फसतात, कारण तो पत्ता पाहुणा स्वतःच लिहून पाठवू शकतो. प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता यादीच्या शेवटी जोडतो. म्हणून उजवीकडून वाचा, आपल्या ओळखीचे प्रॉक्सी वगळा, आणि पहिला अनोळखी पत्ता लागला की थांबा. एनजिनेक्स या वेब सर्व्हरच्या रिअल आयपी मॉड्यूलमध्ये हेडर म्हणून एक्स-फॉरवर्डेड-फॉर निवडलं, विश्वासाच्या प्रॉक्सींचे पत्ते दिले आणि रिकर्सिव्ह पर्याय चालू केला की ते हेच करतं. सीडीएनची पत्त्यांची यादी बदलत राहते, ती अधूनमधून ताजी करा.

हेडर नाही म्हणजे प्रॉक्सी नाही, असंही नव्हे. एचटीटीपीएसमध्ये मधला साधा प्रॉक्सी फक्त बोगदा उघडून देतो, आतल्या मजकुरात त्याला काही जोडता येत नाही. व्हीपीएनवाल्याच्या (दुसऱ्या सर्व्हरमार्फत येऊन स्वतःचा पत्ता झाकणाऱ्याच्या) मागं तर लागूच नका. माणूस खरंच ओळखायचा असेल तर लॉगिन आणि ओटीपी ठेवा. विनंत्यांची मर्यादाही खात्यावर लावा.

सेटिंग बरोबर आहे का हे पाहायला स्वतःच्या संगणकावरून एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये २०३.०.११३.७ लिहून विनंती पाठवा. हा पत्ता उदाहरणांसाठीच राखलेला आहे, कुणाचाही नाही. लॉगमध्ये पाहुणा म्हणून तोच उमटला, तर तुमचा सर्व्हर अजून कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतो आहे.