आठवणींच्या जादूवर बालकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

एक गुप्त जग, त्यात शिरणारी दोन-तीन पोरं आणि कुणाची तरी चोरीला गेलेली आठवण. हा मसाला चांगलाच आहे. तरीही असे खर्डे तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात हमखास आडवे पडतात, कारण लेखकाने जादूचे नियम ठरवलेले असतात, पण माणसाला आठवतं कसं आणि तो विसरतो कसा, याचा विचारच केलेला नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवण गेली की सगळंच गेलं, असं धरून चालणं. चेटकीण मंत्र टाकते, नायिका 'सगळं विसरते' आणि पुढच्याच पानावर खणखणीत मराठीत भांडते, पोहून नदी पार करते. दहा वर्षांचं पोर ही गफलत लगेच पकडतं. पोहणं काढू नका, फक्त ते जाणूनबुजून ठेवा. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूवर १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघत चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि हे आपण आधी कधी केलंय हे मात्र त्याला आठवत नव्हतं. म्हणजे घडलेलं आठवणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं.

यात तुमच्यासाठी आख्खं प्रकरण आहे. नायिकेला आईचं नाव सांगता येत नाही. समोर बंद दार, उंबऱ्याशी अर्धवट पुसलेली रांगोळी. ती सहज खाली बसते आणि तिची बोटं ठिपके टाकायला लागतात, कुठे वळायचं, कुठे जोडायचं, सगळं न अडखळता. हे आपल्याला कुणी शिकवलं? इथे तिला रडू फुटलं तरी चालेल, पण लेखकाने मध्ये पडून समजावून सांगू नये.

दुसरी चूक दिसायला देखणी असते. काचेच्या बरण्यांत भरलेल्या आठवणी! झाकण उघडलं की प्रसंग जसाच्या तसा बाहेर. असं असेल तर बरणी मिळाली की गोष्ट संपली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक परक्या मुलखातली लोककथा वाचायला देऊन नंतर आठवून सांगायला लावली. १९३२ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की सांगताना लोक अनोळखी तपशील गाळतात किंवा ओळखीच्या साच्यात बसवतात. तेव्हा एकाच दिवसाची आठवण भावाकडे एक आणि बहिणीकडे दुसरीच असू द्या. दोघंही खरं बोलतायत आणि नकाशा मात्र जुळत नाही, यावर पन्नास पानं सहज निघतील.

दाराचं काय? गुप्त जगात कधीही, कुठूनही जाता येत असेल तर कुणालाच घाई नसते. गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव बघा, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. १९८६ साली ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे अवशेष आणि वाटा उघड्या पडतात, उठवली गेलेली माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी आणि चॅपेलपाशी जमतात, आणि पावसाळा लागला की गाव परत पाण्याखाली. तुमच्या दारालाही असा ऋतू द्या, मोजके दिवस द्या. आणि आत गेल्यावर नुसते दगडच दिसू द्या. 'इथे आमची चूल होती' असं सांगणारं म्हातारं माणूस सोबत असेल तरच गाव उभं राहील, नाहीतर नाही. मात्र खऱ्या गावाचं नाव घेऊन तिथे विनोदी भुतं नाचवू नका. त्या लोकांची घरं गेली आहेत.

किरकोळ चुका पटकन. पाळण्यातलं सगळं लख्ख आठवणारा नायक नको, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांतलं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही. त्याला आठवत असेल तर तीच जादू, मग तिची किंमतही सांगा. 'मित्रा, आपण घोर संकटात सापडलो आहोत' असं पाचवीतलं पोर बोलत नाही, ते 'ए, मेलो आपण' म्हणतं.

विसरभोळ्या आजीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला शेवटच्या प्रकरणात जादूचं पाणी पाजून बरं करणं मला अप्रामाणिक वाटतं. वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरात खरंच अशी आजी असते आणि त्याच्याकडे ते पाणी नसतं. आजीला नातीचं नाव न आठवू द्या. पण तिला जुन्या ओव्या येऊ द्या, ओळखीची गाणी अशा आजारातही पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. आणि त्या ओवीतच वाटेची खूण लपवा. मग आजी कथेत दयेपोटी नाही, कामासाठी असेल.

राहिला शेवट. 'जाग आली, ते सारं स्वप्न होतं' हे लिहायचा मोह झाला तर समजा की मधलं काहीतरी फसलंय, तिथे परत जा. परतल्यावर सगळे सगळं विसरतात हाही त्याचाच भाऊ. विसरणं हवंच असेल तर तिघांपैकी दोघांनाच विसरू द्या. तिसरीला सगळं आठवतंय, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात एकटीने जायचं की नाही हे तिला ठरवायचंय.