कारवार कोणाचं? दाव्यामागचा इतिहास तपासायची रीत

कारवार आज कर्नाटकात आहे आणि महाराष्ट्र त्यावर हक्क सांगतो. अशा सीमेवरच्या शहराचा इतिहास वाचायला घेतला की आधी एकच गोष्ट शोधा: लेखकाने पहिलं साल कुठलं धरलंय? कारवारची कथा बनवासीच्या कदंब या जुन्या कानडी राजघराण्यापासून उचलली तर ती कानडी होते. १६६५ मध्ये शिवाजी महाराज कारवारवर चालून आले तिथून, किंवा १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला तिथून धरली, तर मराठी. दोन्हींत खोटं काहीच नसतं, म्हणून तर चूक सापडत नाही. कुठली शतकं दोन ओळींत उरकली आहेत, ते वहीत टिपून ठेवा. युक्रेनमधल्या ल्विव शहराचंही असंच: युक्रेनी कथा १२५६ आणि दानिलो राजापासून निघते, पोलिश कथा १३४९ मध्ये राजा काझिमिरने शहर घेतलं तिथून.

खरी मेख मात्र भाषेच्या आकड्यांत असते. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने इंग्रजी अमलात केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोंकणी मराठीची बोली म्हणून येते. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानलं. त्यामुळे जनगणनेचा तालुकावार तक्ता मिळवा आणि तीन बेरजा करा: नुसती मराठी, मराठी अधिक कोंकणी, नुसती कोंकणी. लेखकाचा आकडा कुठल्या बेरजेशी जुळतो, त्यावरून त्याची बाजू कळते. प्रश्न काय विचारला होता, हेही बघा. ऑस्ट्रियाच्या अमलातल्या ल्विवमध्ये जनगणना रोजच्या वापरातली भाषा विचारी आणि त्यात यिद्दिशला, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या भाषेला, जागाच नव्हती. बहुतेक ज्यू पोलिश रकान्यात गेले.

मग मोजणीचा घटक. अख्खा जिल्हा धरला की कन्नडचं पारडं जड होतं. महाराष्ट्राची मागणी गाव हा घटक धरते. तालुक्यांच्या हद्दी बदललेल्या असतात, म्हणून दोन जनगणनांचे आकडे सरळ शेजारी मांडू नका. आधी गावांची यादी जुळवा.

नावांवरून निष्कर्ष तर काढूच नका. सदाशिवगड ऐकून पेशवाई आठवते, पण तो गड सोंदे या तिथल्याच छोट्या संस्थानाच्या राजाने बांधला आणि वडिलांचं नाव त्याला दिलं. गड काळी नदीच्या उत्तर काठावर आहे, कारवार शहर दक्षिणेला. नकाशावर साल छापलेलं नसेल आणि नदी हद्द म्हणून दाखवली असेल, तर तो नकाशा बाजूला ठेवा.