मासळीसाठी घरचा कोरडा मसाला: साहित्य, भाजणी आणि वापर

मटणाप्रमाणे मासा तासभर शिजत नाही. पापलेटची तुकडी तव्यावर सात-आठ मिनिटांत होते, सोललेल्या कोळंबीला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि एवढ्या थोड्या वेळात धण्यांचा किंवा हळदीचा कच्चेपणा काही जात नाही. शिवाय माशाची स्वतःची चव नाजूक असल्यामुळे मटणासाठी केलेला मसाला त्याला लावला की लवंग-दालचिनी पुढे येते आणि आपण कोणता मासा खात आहोत हेही कळेनासे होते. म्हणून मासळीचा मसाला वेगळा करावा, असे माझे ठाम मत आहे. तो आधीच नीट भाजलेला असावा, त्यात गरम मसाल्याच्या पदार्थांसाठी हात आखडता घेतलेला असावा आणि मीठ व आंबट पदार्थ त्यात मुळीच नसावेत.

मीठ वगळण्याचे कारण सरळ आहे. एकदा ते मसाल्यात मिसळले की तिखटपणा वाढवताना खारटपणाही वाढतो आणि दोन्हींचे प्रमाण वेगवेगळे सांभाळता येत नाही. त्यातच दमट हवेत मीठ ओल धरते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात. आंबटाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण मासळीला आंबट हवेच असते. समुद्रातल्या माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात आणि आपल्याला येणारा वशाट वास प्रामुख्याने त्याचाच असतो. आम्लाशी संयोग झाला की हे द्रव्य हवेत उडून जाण्याजोगे राहत नाही, त्यामुळे वास दबतो. गोड्या पाण्यातल्या काही माशांना जो मातकट वास येतो, तो जिओस्मिन या वेगळ्या द्रव्यामुळे येतो आणि तोही आम्लाने कमी होतो. मात्र आंबट जास्त वेळ लागून राहिले तर मांसातली प्रथिने न शिजवताच घट्ट होतात, मासा वरून पांढरट दिसू लागतो आणि शिजल्यावर कोरडा लागतो. मसाला लावून मासा अर्धा-पाऊण तास मुरवायचा असतो, तर आंबटाला दहा-पंधरा मिनिटेच द्यायची असतात. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून ते वेगळे ठेवलेले बरे.

साहित्य आणि प्रमाण

खालील प्रमाणात दळून-चाळून साधारण 130 ते 140 ग्रॅम मसाला होतो. अर्धा किलो मासळीला सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे तीन ते चार लहान चमचे, या हिशेबाने तो बारा-तेरा वेळा पुरतो. मिरच्या वाटीने नीट मोजता येत नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा वापरावा.

बेडगीसारख्या गडद रंगाच्या आणि कमी तिखट सुक्या मिरच्या 40 ग्रॅम, तिखट सुक्या मिरच्या 10 ग्रॅम, धणे 40 ग्रॅम, बडीशेप 15 ग्रॅम, काळी मिरी 10 ग्रॅम, मोहरी 8 ग्रॅम, ओवा 3 ग्रॅम, मेथीदाणे 2 ग्रॅम, लवंगा दहा-बारा, अखंड जायपत्रीच्या एक-दोन पाकळ्या, हळद पूड 10 ग्रॅम, सुंठ पूड 5 ग्रॅम आणि वाळवलेली लिंबाची साल 5 ग्रॅम.

यातल्या प्रत्येक पदार्थाला काही काम आहे. धणे मसाल्याला अंग देतात आणि तळताना माशावर खमंग थर धरतात. बडीशेप किंचित गोडसर असल्यामुळे तिखटाची धार सौम्य करते आणि पांढऱ्या मांसाच्या माशाला ती विशेष शोभते. ओवा मात्र जपून वापरावा. त्यातले थायमॉल इतके उग्र असते की 3 ग्रॅमऐवजी 6 ग्रॅम पडला तर सगळ्या मसाल्याला औषधासारखा वास येतो. लवंगेतल्या युजेनॉलचेही तसेच आहे. दालचिनी आणि मोठी वेलची मी या मसाल्यात घालत नाही, कारण त्यांच्या वासाने मसाला थेट मटणाकडे झुकतो. लसणाची पूडही यात नको. ती ओल पटकन ओढून घेते आणि तव्यावर मसाल्यातल्या इतर कशाच्याही आधी करपून कडू होते. लसूण हवाच असेल तर तो मासा करताना ताजा ठेचून घ्यावा.

लिंबाच्या सालीत आंबटपणा फारसा नसतो, सुवास असतो. त्यासाठी पातळ सालकाढणीने फक्त वरचा रंगीत भाग काढावा. त्याखालचा पांढरा पापुद्रा कडू असतो, त्यामुळे तो चिकटून आला असेल तर सुरीने खरवडून टाकावा. साल सावलीत पसरून, बोटांनी मोडल्यावर कडकन तुटेपर्यंत वाळवावी. हवेनुसार याला दोन ते चार दिवस लागतात. ही तयारी इतर कामांच्या आधी सुरू करावी लागते.

निवडणे आणि वाळवणे

मिरच्यांचे देठ काढावेत आणि प्रत्येक मिरची मधून मोडून आत पाहावे. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या मिरचीच्या आत कधीकधी राखाडी बुरशी असते, आणि अशी एक मिरचीही सगळा मसाला बिघडवायला पुरेशी असते. धणे-बडीशेपेतले खडे, काड्या निवडून घ्याव्यात. त्यानंतर मिरच्या आणि अख्खे मसाले चांगल्या उन्हात काही तास ठेवावेत. ऊन नसेल तर ओव्हन अगदी कमी तापवून, बंद करून, त्यात ताट ठेवले तरी चालते.

भाजणी

मसाल्याची चव इथेच ठरते, त्यामुळे या पायरीला घाई करू नये. जाड बुडाची कढई मंद आचेवर तापवावी, तेल घालू नये आणि प्रत्येक पदार्थ वेगळा भाजावा. धण्याचा दाणा मोठा आणि पोकळ, मेथीचा दाणा टणक, जायपत्री कागदासारखी पातळ. हे सगळे एकत्र टाकले तर एक कच्चा राहतो आणि दुसरा जळतो.

सुरुवात धण्यांपासून करावी. पहिले एक-दोन मिनिटे फारसे काही घडत नाही. मग हलवताना होणारा आवाज बदलतो. आधी भदभद वाजणारे दाणे आता कोरडे, खुळखुळ वाजू लागतात, कारण त्यांच्यातली ओल निघून गेलेली असते. त्यानंतर हिरवट वासाच्या जागी खमंग वास येतो आणि रंग एक छटा गडद होतो. त्या क्षणी धणे ताटात काढावेत. गॅस बंद करून ते कढईतच ठेवले तर कढईच्या उष्णतेने भाजत राहतात आणि मिनिटभरात पुढे जातात. बडीशेप, मिरी आणि ओवा याच पद्धतीने भाजावेत, मात्र ओव्याला अर्धे मिनिटही पुष्कळ होते. मोहरी दोन-चार दाणे तडतडेपर्यंतच भाजावी. कच्ची मोहरी दळून ओली केली की तिच्यातल्या विकराची क्रिया सुरू होऊन झणझणीत तिखटपणा आणि कडवटपणा येतो; भाजल्याने ते विकर निकामी होते आणि तिची सौम्य, खमंग चव उरते. मेथीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. ती सोनेरी झाली की काढावी, तांबूस झाली तर टाकून देऊन दुसरी घ्यावी, कारण जळलेल्या मेथीचा कडूपणा पुढे कशानेही लपत नाही.

लवंग आणि जायपत्री फक्त गरम करून घ्यावी. मिरच्या सर्वांत शेवटी भाजाव्यात आणि त्याआधी खिडक्या उघडाव्यात, कारण त्यांचा ठसका घरभर पसरतो. मिरच्या फुगून चुरचुरीत व्हाव्यात, पण त्यांच्यावर काळे डाग पडू नयेत. शेवटी गॅस बंद करून गरम कढईत हळद आणि सुंठ पूड अर्धा मिनिट परतावी, म्हणजे त्यांचा कच्चट वास जातो. लिंबाची साल भाजू नये, तिचा सुवास उष्णतेने उडून जातो.

दळणे आणि चाळणे

सगळे पदार्थ ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत. कोमट मसाला दळला तर त्याची वाफ भांड्याच्या झाकणाला धरते, पूड ओलसर होते आणि बरणीत गेल्यावर तिच्या गुठळ्या बनतात. मिक्सरचे भांडे आणि चाळण कोरडी ठणठणीत असावी. आधी मिरच्या आणि सालीचे तुकडे दळावेत, मग अख्खे मसाले घालावेत. मिक्सर एका वेळी पंधरा-वीस सेकंदच फिरवून थांबावे, कारण पात्यांच्या उष्णतेनेही सुगंधी तेले उडतात. बारीक चाळणीने चाळून, वर राहिलेली भरड पुन्हा एकदा दळावी. हळद आणि सुंठ नंतर हाताने एकजीव करावी.

मासा निखाऱ्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजणार असाल तर थोडा मसाला जाडसरच काढून ठेवावा. बारीक पूड कोरड्या उष्णतेत लवकर करपते, भरड मात्र तग धरते.

ताजा दळलेला मसाला लगेच चाखून त्यात फेरफार करू नयेत. तो एक दिवस बंद बरणीत ठेवावा, म्हणजे वेगवेगळे वास एकमेकांत मुरतात. मग चमचाभर कोमट तेलात चिमूटभर मसाला घालून तो साध्या भातासोबत चाखावा. मिरचीचा तिखटपणा आणि तिचा रंग, तसेच हळदीचा रंग, पाण्यापेक्षा तेलात अधिक उतरतो, त्यामुळे कोरडी पूड जिभेवर ठेवून खरा अंदाज येत नाही. चव बोथट वाटली तर मिरी वाढवावी आणि लवंग पुढे आली असेल तर भाजलेल्या धण्यांची थोडी पूड मिसळावी.

साठवण

घट्ट झाकणाच्या काचेच्या लहान बरण्या घ्याव्यात आणि त्या जवळजवळ काठोकाठ भराव्यात, म्हणजे आत हवा कमी राहते. मिरचीचा लाल रंग प्रकाशाने आणि हवेने फिका पडतो, म्हणून बरणी शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. रोजची लहान बरणी बाहेर आणि उरलेला मसाला फ्रीजमध्ये, अशी विभागणी सोयीची पडते. फ्रीजमधली बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतले बाष्प थंड मसाल्यावर जमते. वाफाळत्या भांड्यावर बरणी धरून मसाला घालण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. बाहेर ठेवलेला मसाला तीन महिन्यांत संपवणे चांगले. त्यानंतर तो लगेच खराब होत नाही, पण त्याचा वास उतरू लागतो. बुरशी किंवा कुबट वास आढळला तर मात्र वरचा भाग काढून बाकीचा वापरू नये, सगळाच टाकून द्यावा. बरणीवर तारीख लिहावी आणि मसाल्यात मोहरी असल्याचेही नोंदवावे, कारण काहींना मोहरीची ॲलर्जी असते.

माशाला मसाला लावताना

अर्धा किलो तुकड्यांना आधी साधारण 7 ग्रॅम मीठ आणि एका लिंबाचा रस लावून दहा मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी ओतून टाकावे आणि तुकड्या टिपून कोरड्या कराव्यात. ओल्या माशावर मसाला धरत नाही आणि तेलात पडल्यावर निघून येतो. मग मसाल्यात दोन चमचे तेल आणि हवा असल्यास ठेचलेला लसूण कालवून तो लेप दोन्ही बाजूंना चोळावा आणि मासा फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवावा. पापलेट किंवा जिताड्यासारख्या पांढऱ्या मांसाच्या माशाला 8 ग्रॅम मसाला पुरतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांची चव ठसठशीत असल्याने त्यांना 12 ग्रॅमपर्यंत चालतो. कोळंबी आणि माकूळ यांना 6-7 ग्रॅमहून जास्त लावू नये, नाहीतर त्यांचा गोडवा हरवतो.

तवा मध्यम आचेवर असावा. मासा टाकल्याबरोबर त्याला हलवू नये. खालची बाजू पक्की झाली की तो आपोआप सुटतो. मांस आतपर्यंत पांढरट, अपारदर्शक होऊन सुरीच्या टोकाने सहज पाकळ्यांत सुटू लागले की मासा झाला. तापमापक असेल तर सर्वांत जाड भागात 63 अंश सेल्सिअस दिसायला हवे. रश्श्यासाठी हाच मसाला मंद आचेवरच्या तेलात अर्धा मिनिट परतून लगेच पाणी किंवा वाटण घालावे. तो आधीच भाजलेला असल्याने जास्त परतण्याची गरज नसते.

खेकड्याला आणि कवचासकट शिजवायच्या मोठ्या कोळंबीला पूड वरून चोळून उपयोग होत नाही, कारण कवचामुळे ती मांसापर्यंत पोचत नाही. अशा वेळी न दळलेले धणे, मिरी, बडीशेप, एखादी लवंग आणि लिंबाची साल यांची स्वच्छ फडक्यात सैल पोटली बांधून ती मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळावी आणि मग त्या पाण्यात खेकडे सोडावेत. शिजल्यावर कवच फोडून, चमचाभर पातळ लोण्यात अर्धा चमचा मसाला मंद आचेवर कालवून तो गरम मांसावर घालावा.