बर्फावर ऑटोमॅटिक गाडी चालवताना
पहिलं म्हणजे गाडीत स्नो मोड असेल तर तो लावा, नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये 2 नंबरच्या गिअरवर गाडी उचला, कारण पहिल्या गिअरमध्ये चाकाला ताकद जास्त मिळते आणि ते जागेवरच फिरत बसतं. ॲक्सिलरेटर अगदी हलक्या पायानं. उतारावर डी मध्ये (नेहमीच्या पुढे जायच्या मोडमध्ये) ठेवून सारखा ब्रेक मारू नका, आधीच खालच्या गिअरला या. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढू नका, दाबूनच ठेवा. आणि घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे, झटका न देता. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या 10 पट, हो खरंच, बर्फावर एवढं लागतं. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी ब्रेक लवकर लागत नाही बरं का!