नाराज खेळाडू ठेवावा की ट्रेड करावा? एनएफएल संघांनी टाळायच्या चुका

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये एखादा मोठा खेळाडू नाराज असल्याची बातमी बाहेर आली, की चाहते, समालोचक आणि अनेकदा संघाचे मालकसुद्धा एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: त्याला ठेवायचे, की ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन, मोकळे व्हायचे? हा प्रश्न गैर नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. खेळाडू कशामुळे नाराज आहे हे नीट कळण्याआधीच संघ दोन गटांत विभागला जातो, एका गटाला त्याची शिक्षा हवी असते आणि दुसऱ्याला त्याची मनधरणी, आणि पुढचे सगळे निर्णय त्या भांडणाच्या सुरात घेतले जातात. गेल्या वीस वर्षांतील प्रकरणे पाहिली तर संघांचे खरे नुकसान ठेवण्याने किंवा देण्याने झालेले नसून, कारण न समजताच यांपैकी एक निवडण्याने झालेले आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली चूक: सगळ्या नाराजीला एकच समजणे

करारातील रकमेवरून रुसलेला खेळाडू, आपल्याला चुकीच्या जागी खेळवले जात आहे असे वाटणारा खेळाडू, प्रशिक्षकावरचा विश्वास उडालेला खेळाडू आणि मनाने खचलेला खेळाडू हे चौघेही बाहेरून सारखेच वागताना दिसतात. ते सरावाला येत नाहीत, समाजमाध्यमांवरून संघाच्या खुणा पुसतात आणि एजंटामार्फत ट्रेडची मागणी करतात. उपाय मात्र चौघांसाठी वेगळा असतो.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या डीबो सॅम्युएलने एप्रिल २०२२ मध्ये ट्रेड मागितला, तेव्हा त्याच्यामागे असामान्य हंगाम होता. २०२१ मध्ये त्याने झेल घेऊन संघाला १,४०५ यार्ड पुढे नेले होते आणि वाइड रिसीव्हर, म्हणजे मुख्यतः झेल घेणारा खेळाडू, असूनही चेंडू घेऊन धावत आणखी ३६५ यार्ड आणि आठ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) केले होते. धावणाऱ्या खेळाडूला जास्त मार बसतो आणि त्याची कारकीर्द लवकर संपते, त्यामुळे अशा वापराची किंमत करारात दिसली पाहिजे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. संघाने त्याला दिले नाही, चिडूनही काही केले नाही, आणि जुलैच्या अखेरीस तीन वर्षांचा, जास्तीत जास्त ७ कोटी ३५ लाख डॉलरचा नवा करार केला. त्यानंतर संघ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मार्च २०२५ मध्ये पाचव्या फेरीच्या एका ड्राफ्ट हक्काच्या बदल्यात तो वॉशिंग्टनला गेला (ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया; फेरी जितकी आधीची, तितका तिचा हक्क मोलाचा). परतावा लहान होता, पण मधल्या काळात संघाला त्याचा खेळ मिळाला होता. २०२२ मध्ये ट्रेडची मागणी शब्दशः घेतली असती, तर तो मिळाला नसता.

म्हणून पहिल्याच आठवड्यात जनरल मॅनेजरने खेळाडूशी स्वतः, प्रशिक्षकाला बाजूला ठेवून, बोलावे आणि एकच गोष्ट जाणून घ्यावी: नेमके काय बदलले तर तू इथे खेळशील? उत्तर रकमेचे असेल तर ते हिशेबाचे काम आहे. उत्तर माणसाचे असेल, म्हणजे अमुक प्रशिक्षक असेपर्यंत नाही, तर संघाला स्वतःकडे पाहावे लागते. आणि उत्तरच येत नसेल, वागणे क्षणाक्षणाला बदलत असेल, तर विषय बहुधा फुटबॉलचा नसतो.

आजाराला बेशिस्त समजणे

या चुकीबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इथे केवळ सामने नव्हे, माणूस पणाला लागलेला असतो.

ब्रँडन मार्शलने डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून सलग तीन हंगामांत शंभराहून अधिक झेल घेतले. डिसेंबर २००९ मध्ये त्याने एकाच सामन्यात २१ झेल घेण्याचा विक्रम केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरावातील वर्तनामुळे संघाने त्याला निलंबित केले होते आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यातून वगळलेही. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्या फेरीच्या दोन हक्कांच्या बदल्यात त्याला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवण्यात आले. दोन वर्षांनी मायामीने त्याला तिसऱ्या फेरीच्या दोन हक्कांवर शिकागो बेअर्सला दिले. त्याची किंमत घसरत होती आणि ‘डोकेदुखी’ हा शिक्का पक्का होत होता.

मधल्या काळात जे घडले, ते संघांच्या कोणत्याही हिशेबात नव्हते. जुलै २०११ मध्ये मार्शलने स्वतः जाहीर केले, की आपल्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असल्याचे निदान झाले आहे आणि आपण उपचार घेत आहोत. या विकारात भावनांवर ताबा ठेवणे आणि नाती टिकवणे अतिशय कठीण होते, आणि त्यावर थेरपीचा उपयोग होतो. २०१२ मध्ये शिकागोसाठी त्याने ११८ झेल आणि १,५०८ यार्ड नोंदवले. ऑक्टोबर २०१३ मध्ये मानसिक आरोग्याबद्दल जागृती व्हावी म्हणून तो हिरवे बूट घालून मैदानात उतरला आणि गणवेशाचा नियम मोडल्याबद्दल लीगने त्याला १०,५०० डॉलरचा दंड केला.

निदान झाले म्हणून त्याची आधीची प्रत्येक कृती माफ होते, असे म्हणता येणार नाही, आणि तसे त्यानेही सुचवलेले नाही. परंतु निलंबन, वगळणे आणि ट्रेड ही तीन साधने वापरणाऱ्या संघाने चौथे साधन, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, आधी वापरले पाहिजे. २०१९ मध्ये लीग आणि खेळाडू संघटनेत झालेल्या करारानुसार प्रत्येक संघाला मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ नेमावा लागतो. मात्र या तज्ज्ञाला खेळाडूने काय सांगितले, हे प्रशिक्षकापर्यंत पोहोचते अशी शंका जरी लॉकर रूममध्ये पसरली, तरी ती व्यवस्था निरुपयोगी ठरते. ट्रेडचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने त्या तज्ज्ञाच्या दालनापासून लांब राहावे, हा नियम लेखी स्वरूपात असावा.

फक्त खेळाडूकडे बोट दाखवणे

सप्टेंबर २०१९ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा कॉर्नरबॅक (बचावपटू) जेलन रॅमझी आणि मुख्य प्रशिक्षक यांच्यात सामना चालू असताना मैदानाच्या कडेला खटका उडाला आणि त्यानंतर रॅमझीने ट्रेड मागितला. १५ ऑक्टोबरला तो लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. जॅक्सनव्हिलला पहिल्या फेरीचे दोन आणि चौथ्या फेरीचा एक हक्क मिळाला. कागदावर हा सौदा उत्तम होता आणि त्या दिवशी अनेकांना वाटले, की संघाने एका तापट खेळाडूपासून सुटका करून घेतली.

दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, खेळाडू संघटनेने आपल्या सदस्यांना जाहीरपणे कळवले, की मागील दोन वर्षांत संपूर्ण लीगमधून खेळाडूंनी दाखल केलेल्या तक्रारींपैकी २५ टक्क्यांहून अधिक एकट्या जॅक्सनव्हिलविरुद्ध आहेत. लीगमध्ये ३२ संघ आहेत, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. एका माजी खेळाडूवर या संघाने लादलेला सात लाख डॉलरहून अधिक दंड लवादाने रद्द ठरवला होता. काही दिवसांतच मालकांनी फुटबॉल व्यवहारांचे प्रमुख टॉम कॉफलिन यांना पदावरून दूर केले. पण तोपर्यंत रॅमझी गेलेला होता. पुढच्या ऑगस्टमध्ये यानिक एन्गाक्वे हा आणखी एक प्रमुख बचावपटू ट्रेड मागून गेला आणि २०२० चा हंगाम संघाने एक विजय आणि पंधरा पराभवांवर संपवला. रॅमझी फेब्रुवारी २०२२ मध्ये रॅम्सबरोबर सुपर बोल जिंकला.

एक खेळाडू नाराज असेल तर त्याचे ऐकावे, दुसराही त्याच कारणाने नाराज असेल तर कार्यालयाची चौकशी करावी. ज्या संघातून चांगले खेळाडू एकामागून एक जाऊ इच्छितात, त्या संघाने आणखी एक ट्रेड करून काहीच सुटत नाही, कारण मिळालेल्या हक्कांतून निवडलेले तरुण त्याच वातावरणात येतात.

स्वतःच्या तोंडाने किंमत पाडणे

ज्याला पाठवायचे आहे त्याची निंदा करत सुटणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. पत्रकारांना नाव न सांगता दिलेली प्रत्येक माहिती समोरच्या संघाच्या हाती लागते आणि ‘यांना तो नकोच आहे’ हे कळल्यावर कोणीही पूर्ण भाव देत नाही.

पिट्सबर्ग स्टीलर्सच्या अँटोनियो ब्राउनने सलग सहा हंगामांत शंभराहून अधिक झेल घेतले होते आणि २०१८ मध्ये झेलांवर लीगमधील सर्वाधिक, म्हणजे १५, टचडाउन केले होते. हंगामाच्या शेवटी संघाशी उघड वाद झाला, दोन्ही बाजूंची वक्तव्ये महिनाभर छापून येत राहिली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच्या बदल्यात ओकलंड रेडर्सकडून तिसऱ्या व पाचव्या फेरीचा एकेक हक्क एवढेच मिळाले. मात्र इथे पिट्सबर्गचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. रेडर्सने ब्राउनला एकही अधिकृत सामना न खेळवता सप्टेंबरमध्ये सोडून दिले, आणि पिट्सबर्गला त्या तिसऱ्या फेरीतून डिऑन्टे जॉन्सनसारखा उपयोगी रिसीव्हर मिळाला. निर्णय बरोबर असू शकतो आणि तरीही तो गाजावाजा करून घेतल्याने महाग पडतो.

याउलट सिनसिनाटी बेंगल्सचे मालक माइक ब्राउन यांचे उदाहरण आहे. २०११ च्या सुरुवातीला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कार्सन पामरने ट्रेड मागितला, नाहीतर निवृत्त होईन असे सांगितले. मालकांनी नकार दिला, पण घाईही केली नाही. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी अँडी डाल्टनला निवडून आपली गरज भागवली. ऑक्टोबरमध्ये रेडर्सचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि त्या गरजू संघाने पामरसाठी २०१२ च्या पहिल्या फेरीचा आणि २०१३ च्या दुसऱ्या फेरीचा हक्क दिला. पर्याय तयार असल्याशिवाय ‘नाही’ म्हणण्यात काही अर्थ नसतो, हे त्यांना कळले होते.

किंमत पडली म्हणजे खेळाडू संपला, असेही समजू नये. रँडी मॉस २००६ मध्ये दोनच सामने जिंकलेल्या ओकलंड संघात ४२ झेलांवर अडकला होता. त्याला चौथ्या फेरीच्या एका हक्कावर न्यू इंग्लंडने घेतले, आणि २००७ मध्ये त्याने २३ टचडाउन झेलांचा विक्रम केला. घेणाऱ्या संघाने आधी हेच तपासावे, की आपल्याकडे येऊन त्याचे कोणते कारण दूर होणार आहे. हरणारा संघ हे कारण असेल तर जिंकणारा संघ औषध ठरू शकतो. इतर कारणांवर तो औषध ठरत नाही.

डेड मनीचा हिशेब शेवटी करणे

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. करार करताना दिलेला साइनिंग बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागला जातो, पण खेळाडू ट्रेड झाला की उरलेला सगळा हिस्सा त्याच वर्षाच्या मर्यादेत एकदम धरला जातो. खेळाडू दुसरीकडे खेळतो आणि जागा तुमची अडते; यालाच डेड मनी म्हणतात. अँटोनियो ब्राउनच्या ट्रेडमुळे पिट्सबर्गच्या २०१९ च्या हिशेबात २ कोटी ११ लाख डॉलर असे अडकले. १ जूननंतर ट्रेड केल्यास हा भार दोन वर्षांत वाटता येतो, परंतु तोपर्यंत त्या वर्षीचा ड्राफ्ट होऊन गेलेला असतो आणि मिळणारे हक्क पुढच्या वर्षाचे असतात. मालकांनी राग व्यक्त करण्यापूर्वी १ जूनच्या आधी आणि नंतर ट्रेड करण्यातील फरक वित्त विभागाकडून लेखी मागवावा.

दंडावर विसंबणेही व्यर्थ आहे. २०२० च्या करारानुसार अनुभवी खेळाडू सराव शिबिराला आला नाही, तर दिवसाला ५०,००० डॉलर दंड होतो आणि तो संघाला माफ करता येत नाही. म्हणजे समेट झाल्यावर दंड सोडून देऊन मन वळवण्याचा जुना मार्गही बंद झाला आहे.

गंभीर आरोपांना नाराजीच्या खात्यात टाकणे

२०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डिशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि इतर काही हक्क दिले आणि त्याच्याशी २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला, तेव्हा वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केलेले होते. त्याला पुढे ११ सामन्यांचे निलंबन आणि ५० लाख डॉलरचा दंड झाला. अशा ठिकाणी ‘वातावरण बदलले की सुधारेल’ हा युक्तिवाद लागूच होत नाही. तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून न घेता केवळ वकिलांच्या अहवालावर सौदा करणे हे क्रीडा व्यवस्थापन म्हणता येत नाही.

मागे राहणाऱ्यांना विसरणे

खेळाडू गेला किंवा राहिला, तरी उरलेले पन्नास जण त्यातून आपल्यासाठी अर्थ काढत असतात. ओरडल्यावरच पैसे मिळतात असे त्यांना वाटले, तर पुढच्या वसंतात आणखी तिघे ओरडतील, आणि तक्रार केली की बाहेर काढतात असे वाटले, तर खरी तक्रारही दबून राहील. त्यामुळे निर्णय माध्यमांना कळण्यापूर्वी संघाच्या कर्णधारांना समोर बसवून सांगावा, त्यामागचे कारण जितके उघड करता येईल तितके उघड करावे आणि गेलेल्या सहकाऱ्याबद्दल एकही अपशब्द काढू नये. ज्या जागेवर तो खेळत होता, त्या जागेवर उद्या कोण उभा राहणार, हेही त्याच बैठकीत सांगितले गेले पाहिजे.