सिनॉप्सिस भरण्याआधी कागद बघा: इतिहासाच्या पीएचडीत या चुका टाळा

पेटचा, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की सोलापुरातली मुलं फोन करतात. "सर, विषय ठरला. सोलापूर जिल्ह्याचं स्वातंत्र्यलढ्यातलं योगदान." मी विचारतो, कागद कुठे आहेत ते बघितलंस का? पलीकडे शांतता.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदाच घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही नावं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. पण १९३० च्या मे महिन्यात शहर तीन दिवस स्वतंत्र होतं की चार, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. गौरवग्रंथांवरून उतरवून घेतलं तर तुमचा प्रबंध म्हणजे आणखी एक गौरवग्रंथ. सिनॉप्सिस भरण्याआधी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठा, विभागाचं पत्र दाखवून राज्य पुराभिलेखागारात आठवडाभर बसा आणि काय मिळतं ते बघून विषयाला कात्री लावा. सरकारी फाईल ज्याला 'दंगेखोर' म्हणते, त्याच्या घरी काय सांगतात तेही ऐका. दोन्ही जुळले नाहीत तर घाबरू नका, प्रकरण तिथेच सुरू होतं.

पेशवाईकडे वळणारे मोडीचा दहा दिवसांचा वर्ग करतात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात पहिल्याच रुमालापाशी, म्हणजे कागदांच्या गाठोड्यापाशी अडतात. अक्षर लागलं तरी साल चुकतं. जुन्या पत्रात सुहूर सन, म्हणजे तेव्हाची कालगणना, शब्दांत येतो, तोही अरबी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला पत्र जून ते डिसेंबरातलं असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधलं असेल तर ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणून ६००. सरसकट एकच आकडा मिळवला की अर्ध्या पत्रांचं साल चुकतं आणि घटनांचा क्रमच उलटा होतो.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. विषय आधी कुणी केलाय का, ते शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पहिल्याच आठवड्यात तपासा.

मुलाखतींबद्दल मात्र कळकळीने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. गिरणी कामगारांवर काम करताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आजींना विचारलं, "गिरणी बंद पडल्यावर हाल झाले ना?" "झाले की बाबा." संपलं. उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. पुन्हा गेलो तेव्हा विचारलं, "त्या दिवसांत घरात चूल कशावर पेटायची?" आजी उठल्या, सूप आणि कात्री घेऊन आल्या. तेंदूची पानं रात्री कशी भिजत घालायची, धाकटी पोर मांडीवर असताना बिड्या कशा वळायच्या, सगळं हातांनी करून दाखवलं. मधेच त्या तेलुगूत शिरल्या आणि मला अवाक्षर कळेना. मी थांबवलं नाही, रेकॉर्डर चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीला बोलावून दोघं ऐकत बसलो. नवऱ्याच्या कर्जाची सगळी हकीकत त्या तेलुगू अर्ध्या तासात होती.